अर्धं खेचर

मेसोव्रीसी,
३ नोव्हेंबर १९५०

प्रिय आर्गिरिस,

तू धडधाकट असशील आणि मेलबर्नला आता उन्हाळा लागत असेल असं धरून चालते. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत, आपल्या दातांनी चावून खातो आहोत. कालिरोई माझ्या कानापर्यंत आली. उंची तिच्या बापाची घेतली आहे, जीभ मात्र माझी. चेस्टनट यंदा उदंड आले. दोन पावसांत हिरव्या काटेरी बोंडांचा सडा पडला आणि माझी बोटं अजून ठणकताहेत.

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. मिळालं म्हणजे त्यातलं उरलंसुरलं मिळालं. पोलिख्रोनिस आठवतो ना, पिंपातली खारवलेली मासळी विकायचा तो? मासळी तो अजूनही विकतो, पण आता गावाचा अध्यक्षही आहे. दुकान, कॉफीची टेबलं आणि गावाची कचेरी, सगळं एकाच खोलीत. गावाचा शिक्का दालचिनीच्या खणात ठेवतो, त्यामुळे जन्माचा दाखला असो की मरणाचा, नाकाशी नेला की गोडधोडाचा वास येतो. पार्सलं तिथंच उघडतात, सरकारी तपासणी म्हणे. तू कोट, चहा आणि साबण पाठवल्याचं लिहिलंस. मला कोट मिळाला. साबणाचा वास रविवारी चर्चमध्ये अध्यक्षाच्या बायकोच्या मानेला येत होता. मी तिच्या मागेच उभी होते, प्रार्थनाभर हुंगत राहिले.

तू पुन्हा तेच विचारलं आहेस. कालिरोईच्या बापाचं, लाम्ब्रोसचं नाव सैन्याला कुणी सांगितलं? आजवर पत्राच्या शेवटी विचारायचास, या खेपेला पहिल्याच ओळीत विचारलंस, आणि ईस्टरला येतो म्हणालास. ‘फक्त नाव कळव, बाकीचं मी बघतो’ असं लिहिलंस. त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण आधी तुला खेचराचं ऐकावं लागेल. हे पत्र मी टपालात टाकत नाही. शाळेच्या बाईंची बहीण तिकडे निघाली आहे, तिच्या हाती देते आहे, म्हणजे दालचिनीच्या खणाजवळून जायला नको.

तर खेचर. गावात जनावर उरलं नव्हतं. आधी जर्मनांनी नेली, मग डोंगरावरच्या बंडखोरांनी, मग सरकारच्या सैन्यानं, आणि प्रत्येकानं आमच्याच भल्यासाठी नेली. या वसंतात अमेरिकेहून बोट भरून खेचरं आली आणि कुटुंबागणिक एक द्यायचं ठरलं. कुटुंबं मोजायला शहरातून कारकून आला. आपलं गाव सगळं चढाचं, आणि त्याचे बूट नवे. त्यानं पोलिख्रोनिसच्या दारात बसून, कॉफी पीत, धुराडी मोजली. जिथून धूर, ते कुटुंब. हे अध्यक्षाच्या गोतावळ्याला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. त्यांच्या गवताच्या खोपटांतून धूर, जळक्या पडक्या घरांतून धूर. त्याच्या मेव्हण्यानं तर कोंबड्यांच्या खुराड्याला पन्हळीचा तुकडा बसवून ओला पेंढा पेटवला होता. कारकुनाच्या कागदावर त्या कोंबड्या आज खेचराच्या मालकिणी आहेत.

आणि आमचं घर तू पाहिलंच आहेस. लाम्ब्रोसच्या आजोबांनी दोन मुलांना वाटणी दिली तेव्हा मधे भिंत घातली, पण धुराडं फोडलं नाही. भिंतीच्या अल्याडपल्याड दोन चुली, वर धूर एक. पल्याड लाम्ब्रोसचा चुलतभाऊ झीसिस राहतो, बायको आणि तीन पोरांसह. लाम्ब्रोसला नेलं त्या दिवसापासून मी झीसिसशी बोललेले नाही. का, ते तू विचारलं नाहीस आणि मी लिहिलं नाही.

आम्हा दोन घरांना मिळून एक खेचर आलं. मी तडक दुकानात गेले.

“पोलिख्रोनिस, आम्ही दोन कुटुंबं आहोत, हे तुला ठाऊक नाही?”

“मला ठाऊक असून काय उपयोग, स्तामाता? सरकारला धुराडं दिसतं. तुझ्या आजेसासऱ्यानं आणखी चार विटा लावल्या असत्या तर मीही आज मोकळा झालो असतो.”

“आणि कोंबड्यांना कसं मिळालं?”

“कोंबड्यांबद्दल लेखी तक्रार दे. शिक्का मारून वर पाठवतो.”

बसलेले सगळे हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या खोपटांतून धूर निघाला होता, त्यांनी हसायलाच हवं होतं.

पोलिख्रोनिसच्या समितीनं वार वाटून दिले. पहिले तीन दिवस माझे, पुढचे तीन झीसिसचे, आणि रविवारी खेचर गावाचं. गावाचं म्हणजे कुणाचं ते तू ओळखलंस. आम्ही चर्चमध्ये क्रूस करतोय तोवर आमचं खेचर पोलिख्रोनिसचे रॉकेलचे डबे आणि मिठाची पोती घेऊन खालच्या रस्त्यावरून वर येत असायचं. वैरण मात्र रविवारचीही आमचीच.

जनावर गुणी आहे रे. काळपट, उंच, मान ताठ. ग्रीक ओ की ठो कळत नव्हतं, शिव्या दिल्या तरी लक्ष नाही, म्हणून गावानं तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. ती एकानं झऱ्याजवळच्या अक्रोडाला बांधायची, दुसऱ्यानं येऊन सोडून न्यायची, अशी आमची रीत. एकमेकांशी बोलायचं नाही, मग निरोप कसे द्यायचे? आम्ही बाईसाहेबांशी बोलायला लागलो. लेकी बोले सुने लागे. झीसिस दोर बांधताना म्हणायचा, “बाईसाहेब, तुमचा पुढचा नाल सैल झालाय, चढावर जपून.” मी पाठ फिरवून म्हणायची, “बाईसाहेब, नाल कुणी सैल केला ते आम्हाला दिसतं.” झऱ्यावरच्या बायका हंडे भरलेले असूनही तिथंच रेंगाळायच्या.

ऑक्टोबरात तिच्या पाठीवर जखम झाली, मूठभर मांस उघडं पडलं. मी दोर हातात घेतला तेव्हा झीसिस निघून न जाता उभा राहिला.

“बाईसाहेब,” तो म्हणाला, “हे माझ्या खोगिरानं झालेलं नाही. देवाशपथ.”

“बाईसाहेब,” मी म्हणाले, “ते मला माहीत आहे म्हणावं. रॉकेलच्या डब्याची कडा लागली आहे.”

“मग बाईसाहेब, येत्या रविवारी तुम्ही डोंगरावरच्या मेंढवाड्यात गेलात तर?”

मी तिला घेऊन चालू लागले. पण शनिवारी त्यानं तिला तिकडे नेलं, आणि मी बघितलं नाही असं केलं. रविवारी पोलिख्रोनिस अख्ख्या गावात तिला शोधत हिंडला आणि त्याचं मीठ खालीच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना समितीपुढे बोलावणं आलं. पोलिख्रोनिस पांढरा ॲप्रन सोडून अध्यक्ष झाला होता. म्हणाला, सरकारनं खेचर एका कुटुंबाला दिलं आहे, एकोप्यानं वागवायला. इथं दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, जनावर जखमी होतं, दडवलं जातं. तेव्हा दोघांनी इथं, सगळ्यांदेखत, पाद्रीबाबांसमोर हातात हात द्यावा आणि एकोपा झाला म्हणून सांगावं. नाहीतर खेचर दुसऱ्या कुटुंबाला जाईल. दुसरं कुटुंब म्हणजे त्याचा मेव्हणा, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही.

हात देणं म्हणजे काय ते परक्याला समजवावं लागेल, तुला नाही. पाद्र्यासमोर हात दिला की दोन घरांमधलं रक्त मिटलं. देणाऱ्याचं मिटलं तसं त्याच्या भावांचं, पोरांचं, सगळ्यांचं मिटलं. जो मोडील त्याला गावात कुणी पाणी देत नाही.

आर्गिरिस, पोलिख्रोनिसला ठाऊक होतं मी हात देणार नाही. तो त्याच भरवशावर बसला होता. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून तर दुकानात उभं राहायला जागा नव्हती. बायका खिडकीतून बघत होत्या. पाद्रीबाबा दाढी कुरवाळत छताकडे पाहत होते. आणि घरी ओट्यावर माझे चेस्टनट पोत्यांत गरम होऊन सडायला लागले होते. ते बाजारात गेले नाहीत तर वर मका येणार नाही, आणि मका आला नाही तर ही पोर हिवाळाभर काय खाणार, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही.

मी झीसिसकडे बघितलं. लाम्ब्रोस गेल्यापासून पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. केस पिकलेत.

“हात देईन,” मी म्हणाले. “पण आधी एक सांग. तूच नाव सांगितलंस ना?”

“मीच,” तो म्हणाला. त्यानं मान खाली घातली नाही, हे मला अजून कळत नाही. “डोंगरावरच्यांना भाकरी कोण देतं असं विचारलं. माझा थोरला पोरगा शेजारी उभा होता, त्याच्या कानाला बंदूक लावली होती. मी म्हणालो, लाम्ब्रोस. विचारलं कुणी, ते तू या टेबलाला विचार, स्तामाता. सैनिकांना काय गावातली नावं ठाऊक होती? त्यांच्या शेजारी बसून कॉफी कोण ओतत होतं?”

 पोलिख्रोनिस चमच्यानं कप ढवळत राहिला, कप रिकामा होता तरी. समितीतले सगळे त्या दिवशी त्याच खोलीत होते. सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मला मीठ मोजून देताना, मेजवान्यांना बोलावताना, लाम्ब्रोसच्या स्मृतिदिनाचे उकडलेले गहू माझ्या हातून घेऊन खाताना ठाऊक होतं. मला शिसारी आली. झीसिसची नाही, त्याची शिसारी मला सवयीची झाली होती. त्या खोलीची आली. या माणसानं आमच्या वैरावर इतकी वर्षं बसून खाल्लं. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना दात चावत बसलो की त्याला रविवार मिळतो, आता खेचर मिळणार, उद्या चेस्टनटची बाग मिळेल. माझा द्वेष हा त्याचा न नांगरता पिकणारा मळा होता.

मी हात पुढे केला.

झीसिसचा हात ओला होता. पाद्रीबाबा घाईघाईनं म्हणाले, “आजपासून या घराचं त्या घराशी काही वैर नाही.” किती हायसं वाटलं त्यांना, बघवत नव्हतं. मी हात न सोडता म्हणाले, “आता आम्ही एकोप्याचं एक कुटुंब. आणि ख्रिस्ती कुटुंबाचं जनावर रविवारी विसावा घेतं. हेही लिहा, आणि शिक्का मारा.” पोलिख्रोनिस माझ्याकडे बघतच राहिला. नाही म्हणायचं तर पाद्र्यासमोर म्हणावं लागलं असतं. दालचिनीचा खण उघडला, शिक्का बसला. मागून कुणीतरी हसलं, आणि या खेपेला माझ्यावर नव्हे.

घरी येऊन राखेच्या पाण्यानं हात धुतला, कातडी सोलेपर्यंत. झीसिसच्या बायकोनं संध्याकाळी अंगणातल्या भिंतीवरून क्विन्सच्या मुरांब्याची बशी पुढे केली. मी घेतली आणि कोंबड्यांना टाकली. कालिरोई बघत होती.

“आई, तू त्याला माफ केलंस?”

“नाही.”

“मग हात का दिलास?”

“हात माझा होता म्हणून दिला. माफी तुझ्या बापाकडे आहे, ती मला कशी देता येईल?”

 दुसऱ्या दिवशी पहाटे चेस्टनट घेऊन बाजाराला गेलो. खोगीर झीसिसनं नवं शिवून दिलं होतं, जखमेवर भार येणार नाही असं. मी अजून त्याच्याशी सरळ बोलत नाही. बाईसाहेबांना सांगते.

तू म्हणशील, स्तामातानं अर्ध्या खेचरासाठी लाम्ब्रोसला विकलं. म्हण. मी स्वतःला रोज म्हणते. शांतीसाठी केलं, देवासाठी केलं असलं काही मी तुला लिहिणार नाही. तसं बोलणारी माणसं मी त्या खोलीत पाहिली. मक्यासाठी केलं, आणि पोलिख्रोनिसला मिळू नये म्हणून केलं. तुझा सोयरा होता लाम्ब्रोस, तूच त्याला माझ्यासाठी पसंत केलास, तुझ्या लग्नात त्यानं तुझ्या डोक्यावर मुकुट धरला. तुला न विचारता मी तुझंही मिटवून टाकलं. तुला नाव हवं होतं, ते मिळालं, आणि आता त्या नावाचं तुला काही करता येणार नाही. दुसरं नावही मिळालं, कॉफी ओतणाऱ्याचं. त्याच्यावर हात टाकलास तर सैनिक तुला नेतील आणि गाव पुन्हा रक्ताचा हिशेब मोजायला बसेल. मला एक गेलेला पुरे आहे.

तरी ये. ईस्टरला कोकरू नसेल, चेस्टनटचं सूप असेल. झऱ्याच्या वाटेवर झीसिस भेटेल, तो तुला बघून रस्ता सोडील, तू त्याला जाऊ दे. आणि उंबऱ्यात तू आधी माझा हात हातात घेशील, कारण आपल्यात तशीच रीत आहे. तो हात कुणाच्या हातात जाऊन आला आहे हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. घेववणार नसेल तर तिकीट काढू नकोस. मी समजेन, आणि वाट बघणार नाही असं म्हणेन, पण बघेन.

तुझी बहीण,
स्तामाता