डुएनचा फलक

प्रिय मार्लीन,

सुखरूप पोचलो, गुडघाही कुरकुरत नाही. सामना उद्या, पण स्टेडियमबाहेर आजपासूनच जत्रा आहे.

तुझ्या भावाची मात्र किळस आली. गेल्या वर्षी समोरच्या लाल संघाच्या ज्या पोराची शेवटची किक हुकली, त्याच्यासाठी डुएननं फलक रंगवलाय: ‘आईनं लाथ मारायला शिकवलं नाही का रे?’

शेजारच्या गाडीपाशी लाल टोपीतली एक बाई आपल्या लोकांनाही गरम सूप वाढत होती. फलक वाचून म्हणाली, “शिकवलं होतं मी, दादा. सूप घ्या, गार होतंय.”

आपली हिरवी टोळी तरीही खिदळली. डुएन म्हणाला, “अक्षरं आणखी मोठी करतो!”

उद्या मी तिच्या शेजारी बसतोय; जादा तिकीट आहे तिच्याकडे. टीव्हीवर लाल टोपीत दिसलो तर दचकू नकोस. तुझ्या आईची सर्दी बरी असेल तर तिलाही समोर बसव. लेकाचा फलक तिनंही वाचावा.

तुझाच,
वेंडेल