मागच्या दोन चाकांबाबत शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, आज रविवारी दुपारी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवतो. दडपण आहे, पण ते मृत्युपत्र लिहू नका असं आहे. बायको सकाळपासून म्हणते आहे, "अहो, कागद कसले काळे करताय, त्यापेक्षा चाक उघडा." मी चाक उघडणार नाही, म्हणूनच हा कागद लिहावा लागतो आहे.

माझ्या एकतीस वर्षं जुन्या पिकअपचे मागचे ब्रेक मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यांनी काल बदलले. उद्या सकाळी दहा वाजता ती गाडी मी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावरून खाली नेणार आहे. ब्रेक लागले तर हा कागद फाडावा. न लागल्यास पुढीलप्रमाणे वागावं.

कलम १. घर बायकोचं. ते तसंही तिचंच आहे, मी फक्त दारं केली. न्हाणीघराचं दार ओल धरून फुगतं, ते तासायचं राहून गेलं. त्याबद्दल तिने मला एकोणीस वर्षं ऐकवलं आहे, तेवढं पुरे समजावं.

कलम २. करवती, पटाशा आणि बाकी हत्यारं मुलीला. ती बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, लाकडाशी तिचा संबंध नाही. पण या घरात हत्यार पुसून जागेवर ठेवणारं माझ्यानंतर तेवढं एकच माणूस आहे.

कलम ३. मोठा रंधा मेहुण्याला. "भाऊजी, दोन दिवसांत आणून देतो," असं म्हणून तो बारा वर्षांपूर्वी घेऊन गेला. आता तो मीच दिला असं धरावं, म्हणजे निदान मेल्यावर तरी माझ्या मनासारखं झालं असं होईल.

कलम ४. पिकअप मुलीला. आठ दिवसांची होती तेव्हा ती याच गाडीतून, आईच्या मांडीवर, घरी आली. त्या दिवशी मी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

याच कलमात ब्रेकची हकीकतही नोंदवतो, म्हणजे मागाहून कोणी भलतंसलतं पसरवणार नाही. पेडल दाबलं की तेलाच्या जोराने ब्रेक लावणारे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते. घरासमोर थांबायचं तर ब्रेक कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापासून दाबायला लागे. मुलीने बजावलं होतं, "बाबा, एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं तसंच राहू दे, काही विसरलात तर बघायला." आम्ही पडलो अनुभवी माणसं. डावं चाक मी आणि उजवं त्याने, एकदमच उघडलं.

नवे सिलिंडर झकास बसले. मग ब्रेक शू आले. ड्रमच्या आत ते दोन असतात, एकाचं लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, आखूड, एकाचं लांब. आखूड पुढे घालायचा की मागे? बघायला चाक शिल्लक नव्हतं. मी म्हणालो पुढे. तो म्हणाला मागे.

"भाऊजी, तुम्ही आपली दारं करा."

"तू आधी माझा रंधा आणून दे."

तेव्हापासून अबोला आहे. ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे आपलं चाक बंद केलं.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि एक चाकामागचा स्क्रू सैल करायला. आम्ही बोलत नसल्यामुळे बायको मधे उभी राहिली. "ताई, त्यांना सांग दाबा." "अहो, दाबा म्हणतोय." "त्याला सांग, दाबलंय." अर्धा तास हे चाललं. शेवटी, "आता मीच कोणाचा तरी गळा दाबते," असं म्हणून ती आत निघून गेली.

तात्पर्य, गाडीचं एक चाक बरोबर आहे आणि एक चुकलेलं. बरोबर आहे ते माझं. आणि मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून हेही लिहितो की मला भीती वाटते. उताराची तितकी नाही. चाक उघडलं आणि माझंच चुकलेलं निघालं, तर या हातांवरचा माझा विश्वास उडेल, आणि तो गेल्यावर मी दिवसभर काय करू ते मला माहीत नाही.

कलम ५. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असं वकिलांनी बजावून सांगितलं आहे. म्हणून साक्षीला शिंपी आणि शेजारचे मास्तर यांना बोलावलं आहे. मेहुण्याने आणि मुलीने चुकूनही सही करू नये.

मुलगी मघापासून अंगणात काहीतरी ठोकते आहे. खिडकीतून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही बाबा, तुम्ही लिहा सावकाश." दुसरा चहा होईपर्यंत कागद टेबलावर ठेवतो आहे, कोणी हात लावू नये.

ठिकाण : पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक : बारा, रविवार, दुपारचे चार
सही : पिकअपचा आणि डाव्या चाकाचा मालक

साक्षीदार १ : मेहुणा. रंधा असा नको, भाऊजी. उद्या आणून देतो. चाक मात्र माझंच बरोबर आहे.

साक्षीदार २ : मुलगी. साक्षीदाराला काही मिळत नाही हे वाचूनच सही करते आहे. मला गाडी नको, बाबा, ती चालवायला तुम्ही हवे आहात. दोन्ही चाकं उघडून पाहिली. एक चुकलं होतं, ते नीट केलं. कोणाचं, ते मी माझ्या मृत्युपत्रात लिहीन.