थर्ड क्लासचा डबा, फुटाला पाव इंच

सोलापूर, ४ जानेवारी १९३१, रविवार

आगगाडीचा हुबेहूब नमुना करायचा, हे नक्की. इंजिन, बारा डबे, ब्रेकव्हॅन. स्केल एका फुटाला पाव इंच. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या साहेबापुढे ठेवायचा. साहेब चकित. तिथल्या तिथे नोकरी. मग म्युनिसिपालिटीतल्या कारकुनीला रामराम. बायकोला सांगितलं. मालती म्हणाली, आधी देवघराजवळ एक खिळा ठोकून दाखवा. बायकांना स्केल कळत नाही.

११ जानेवारी

इंजिन तूर्त रद्द. डबे ओढतं कोण, हे साहेब विचारणार नाही. डबेही सहा पुरेत. चाकांच्या आसांसाठी छत्रीच्या काड्या काढल्या. अस्सल पोलाद! पावसाळ्याला अजून अवकाश आहे.

१८ जानेवारी

चाकं. कल्लप्पा तांबटाकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. तो म्हणाला, सायेब, येवड्या बारक्या कामाला मला दुसरी बोटं लावून घ्यावी लागतील की. जुने कारागीर राहिले नाहीत. लग्नातल्या कोटाची बटणं उसवली. गोल आहेत. चार भोकं आहेत, त्यांना आरे समजावं.

२५ जानेवारी

एकच डबा करणार, थर्ड क्लासचा. खरी कला एका वस्तूत दिसते. स्प्रिंगसाठी सोमवारीच गजराचं घड्याळ उघडलं होतं. स्प्रिंग उडून कणकेत पडली. काढली. घड्याळ मात्र परत बसेना. आठवडाभर ऑफिसात लेटमार्क. हेडक्लार्कनं सर्वांसमोर कारण विचारलं. मी मंद हसलो. त्याला काय सांगणार?

२ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. चौकीवर होतो.

डब्याला धक्के झेलणारे बफर कसे बसवतात ते आठवेना, म्हणून स्टेशनवर गेलो. उभ्या मालगाडीखाली शिरून सुतळीनं माप घेत होतो. पोलिसानं पाय धरून बाहेर ओढलं. गेल्या वर्षी मार्शल लॉ लागून गेल्यापासून हे लोक भलतेच संशयी. खिशात सुतळी, छत्रीची काडी, स्प्रिंग. फौजदार म्हणाला, गाडी पाडायचा बेत हाय न्हवं? मी शांतपणे स्केल समजावलं. त्यानं विचारलं, हा पाव इंच राहतो कुटं? मी सुतळीवर बोट ठेवून दाखवला.

कुणीतरी घरी कळवलं. मालती अनवाणीच धावत आली. डोळे सुजलेले. पदराखालून तिनं माझा डबा काढला आणि म्हणाली, महिनाभर हे एवढंच करताहेत हो, दुसरं काही नाही. फौजदारानं डबा टेबलावर ठेवला. डबा कलंडला. एक चाक त्याच्या चहात पडलं. छप्पर मागाहून आलं.

फौजदार हसता हसता खुर्चीवरून घसरला. म्हणाला, ह्यास्नी गाडी उबी करता येईना, पाडतील कशी?

मालतीही हसली. मग तोंडावर पदर घेऊन रडली. आम्हाला सोडलं, डबा मात्र चौकीवरच ठेवून घेतला. वाटेत तिनं माझा हात घट्ट धरला होता. भर रस्त्यात.

५ फेब्रुवारी

चौकीवर पुन्हा बोलावणं. डबा परत मिळेल, या आशेनं गेलो. फौजदार कौतुकानं बोलेल, असंही वाटलं होतं. त्यानं फक्त रजिस्टर पुढे सरकवलं. माझ्या नावापुढे एकच शब्द: निरुपद्रवी.

सही करायला लावली. केली.