टाकायला मी केर न्हाय

मास्तर, तुम्ही पहिल्या दिवशी मला माझं कवन पुरं गाऊच दिलं नाही, त्याचा राग मला पुष्कळ दिवस होता. सत्तरनंतरची ती वर्षं. नवऱ्यानं टाकलेली मी माढ्याकडून आईजवळ सोलापुरात आले होते आणि विड्या वळून मुलीला वाढवत होते. तुम्ही दिवसा कापडगिरणीत माग चालवायचे आणि संध्याकाळी चाळीत शाहिरीचा फड बसवायचे. दाराआडून ऐकून ऐकून मीही एक कवन जुळवलं आणि धीर करून तुमच्या स्वयंपाकघरात आले. काकू भाकरी थापत होत्या. माझ्या कवनात चंद्र होता, राजवाडा होता, विरहात झुरणारी राणी होती. दोन ओळींवर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत.

"चंद्र तुज्या घरी कवा आला हुता? आज दिसभर काय केलंस, ते सांग."

मी चिडून सांगितलं. पहाटे पाणी भरलं, मुलीला ताप असताना कामावर गेले, तपासणाऱ्यानं माझ्या विड्या खराब म्हणून फेकून दिल्या, मी त्या त्याच्यासमोर एकेक उचलल्या. मी बोलत होते आणि तुम्ही डफावर बोटांनी ठेका धरला होता. माझं बोलणं कधी त्या ठेक्यात शिरलं, मलाच कळलं नाही. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली. "आता हे गा," तुम्ही म्हणालात. "ते पयलं उष्टं हुतं."

मग कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचा सवाल-जवाबांचा सामना. बाजाराचा दिवस, भर दुपार, पिंपळाखाली माणसंच माणसं. समोरच्या शाहिरानं सवाल टाकला, तो थेट माझ्यावर: नवऱ्यानं टाकलेली बाई कुणाच्या जिवावर मिरवते? लोक हसतायत. आपले साथीदार खाली बघतायत. जवाब तुम्ही देणार, असं मी धरून चालले होते, तर तुम्ही डफ माझ्या हातात देता आणि हळूच म्हणता, "तुजं हाय, तूच बोल."

डफावर थाप मारून मी आवाज लावला.

नवऱ्यानं टाकलं म्हणता, टाकायला मी केर न्हाय,
घट्टे पडलेत हाताला, माझ्या जगण्यात थेर न्हाय.

पुढच्या रांगेतल्या एका कानडी म्हातारीनं शेजारणीला अर्थ विचारला. तो कळल्यावर ती मान डोलवत "हौदु, हौदु" म्हणाली, आणि मग सगळा बाजार माझ्या बाजूनं झाला. समोरच्या शाहिरानं स्वतः येऊन मला मानाचा नारळ दिला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत खोकल्यानं तुम्हाला नेलं. फड मी चालवला, मास्तर. बाईचा फड म्हणून कुणी बोलावेना, तेव्हा न बोलावता गेले. मुलगी शिकून शिक्षिका झाली. आता गल्लीतली पोरं मोबाइलवर ठेका लावून आपली कर्मकथा यमकात सांगतात, त्याला रॅप म्हणतात. दाखवायला माझ्याकडे येतात. त्यातलं कुणी, स्वतः कधी न पाहिलेल्या बंदुका आणि मोटारी गायला लागलं की मी हात वर करते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहायचं धाडस करते. मैंदर्गीला टाळ्या पडल्या तेव्हा मला वाटलं होतं, मी तुमच्यापेक्षा चांगली गाते. अजूनही वाटतं.