आटवलेले दूध

२ मे
वस्तुस्थिती, क्रमाने : एक, सीमेपलीकडची अणुभट्टी फुटली. दोन, वारा इकडचाच. तीन, सूनबाई बाळंतपणासाठी इस्पितळात, म्हणून चार वर्षांची नात आमच्याकडे. चार, ती दुधाखेरीज कशाला तोंड लावत नाही. पाच, डेअरीवर माझा विश्वास नाही. निष्कर्ष : गाय घेणे. घेतली.

३ मे
रात्रभर पाऊस. उत्तम! हवा धुऊन निघाली. सौ.ने विचारले की धुऊन निघालेले पडले कुठे. हिला विषय सोडून प्रश्न फार.

५ मे
किरणोत्सार मोजणाऱ्या लॅबचे पत्रक. म्हणे गाई गोठ्यातच बांधा, गेल्या वर्षीचा सुका चारा घाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावरून गाईत, गाईतून दुधात, दुधातून मुलांच्या गळ्यातील ग्रंथीत साठते. खाली सही माझ्याच विद्यार्थ्याची. तर्कशास्त्रात काठावर पास! शिळा चारा माझ्या नातीच्या गाईला? गाय स्वतः कुरणावर नेली. कोवळे, ओले, निर्मळ गवत. सौ. म्हणाली की लांबून बघता कोण कोणाला चारतंय ते कळत नव्हतं.

८ मे
अधिक खबरदारी. दूध निम्मे होईपर्यंत आटवतो. आता त्यात काय उरणार? नात म्हणाली, आजोबा, गोड झालंय, अजून द्या. दिले. मुलाचा फोन : बाबा, जुनी दूध पावडर आहे ना घरात, ती द्या. डबाबंद वस्तूंवर वाढवलेल्या पिढीचे दुष्परिणाम त्याला सविस्तर सांगितले. मध्येच लाइन कट झाली असावी.

१० मे
दुधाचे सॅम्पल लॅबला दिले. शुद्धतेचा नमुना म्हणून लोकांपुढे ठेवता येईल.

१२ मे
विद्यार्थी स्वतः मीटर घेऊन घरी आला. बसला नाही. म्हणाला, सर, इतकं वाईट सॅम्पल आमच्याकडे दुसरं नाही. डेअरीच्या गाई सुका चारा खातात, त्यांचं दूध चांगलं आहे. पावसानंच तर ते आयोडीन गवतावर आणलं. आणि आटवल्यानं पाणी गेलं, सर, ते राहिलं.
मी म्हणालो, मीटर तपास. त्याने माझ्यासमोर पुन्हा मोजले. मग विचारले, हे पितं कोण?
मी म्हणालो, मी.
सौ. आतून म्हणाली, खोटं बोलू नका. नात पिते.

१३ मे
मुलगा नातीला गळ्याच्या तपासणीसाठी घेऊन गेला. ती पेला हातात घेऊनच गाडीत बसली.
विद्यार्थ्याला पत्र धाडले : आठ दिवसांत आयोडीन निम्मे होते, असे तुझे पत्रक म्हणते. तिच्या गळ्यातही होते का? मी वेळेत थांबलो का? मला धीर देऊ नकोस. हो किंवा नाही, लेखी कळव.