विहाराची मागची भिंत

मंगळवार, दि. १४, सकाळी आठ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाबांचा खोकला कमी झालाय. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लाँड्रीवाल्या काकांच्या हाती पाठवतेय. कपडे पोचवायला ते तुझ्या घरावरूनच जातात.

मी लाँड्रीमागच्या विहारात बसलेय. कुणी मुद्दाम बघायला यावं असं इथे काही नाही. पत्र्याचं छप्पर, चटया, हातभर उंचीची बुद्धमूर्ती आणि सकाळच्या वंदनेला येणारी म्हातारी माणसं. वंदना झाली की सगळे मागच्या भिंतीला पाठ टेकून बसतात. कुणाची सून कशी, कुणाची कवळी कितव्यांदा हरवली. तू असतास तर तुझीही खेचली असती त्यांनी.

त्या भिंतीपलीकडे तुझ्या नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा आहे.

गेल्या आठवड्यात काका म्हणाले, "विहाराचं दार आताशा लागतच नाही, घासतं." दार घासतं म्हणजे भिंत हलतेय. तडक इथे आले. मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत भेग आहे. झाडलोट करणाऱ्या आजी तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवतात आणि वर तारीख घालतात. पट्टी फाटली म्हणजे भेग वाढली. सगळ्यात वरची पट्टी सहा वर्षं शाबूत होती. तुझं खोदकाम सुरू झालं त्या आठवड्यात ती फाटली. मग आठवड्याला एक, मग दिवसाला एक. काल संध्याकाळी लावलेली आज सकाळी फाटलेली होती, आणि फटीत माझी करंगळी जाते.

आता जे टाळतेय ते लिहिते. खोदण्याआधी आजूबाजूच्या इमारती आतून तपासणं हे पालिकेतलं माझं काम. त्या दिवशी तू रस्त्यावरूनच म्हणालास, "आत काय बघायचंय? बुद्ध शांत बसलेत ना, मग झालं." मी हसले. खरं सांगू? मला ते साइटवरचे लांब नाड्यांचे बूट काढायचा कंटाळा आला होता. आणि तू माझा दादा. 'आतून पाहिले, भेगा नाहीत' असं उंबऱ्याबाहेर उभी राहून लिहिलं आणि सही ठोकली. ही भेग तेव्हाही होती. मी ती लिहिली असती, तर तुला आधी भिंतीला टेकू द्यावे लागले असते.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. काम थांबवायचा आदेश उद्या निघेल म्हणतात. तुझ्या मुकादमाने मला गेटवरूनच वाटेला लावलं. "दादासाहेबांनी सांगितल्याशिवाय काही थांबणार नाही," म्हणाला.

मघाशी आजींना सांगितलं, "इथे बसू नका, भिंत पडेल."

"छे गं! ऑफिसातल्या बाई तपासून गेल्यात. कागद आहे आमच्याकडे."

"ती बाई मीच, आजी. मी खोटं लिहिलंय."

आजी हसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला खोटं लिहिशील? चेहऱ्यावरून कळतो माणूस. बस, चहा घे."

माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचा माझ्या सहीवर विश्वास आहे. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. दोघांना तर हाताला धरून उठवलं. ते कुरकुरत चार पावलं सरकले आणि त्याच भिंतीला पुन्हा टेकले.

तुझं मशीन नऊला सुरू होतं. माझी नोकरी, तुझं काम, आपलं भांडण, सगळं नंतर बघू. आज फक्त ते सुरू होऊ देऊ नकोस. मी ह्यांना सोडून बाहेर जाणार नाही. भिंतीला टेकून अकरा जण बसलेत, आणि त्यांच्या शेजारी

तुझी धाकटी बहीण