नव्या कुलपाला घातलेलं गाऱ्हाणं

गुरुवार, नोव्हेंबर २००९. संध्याकाळ.

अजून तो हिरवा दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही. लॅबला आज बिनतारी कुलूप बसलं. ओळखपत्र टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि दार, होडी पाण्यात सरकावी तसं, अलगद उघडतं.

आधी कॉलेजचे जुने शिपाई दत्तारामकाका यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या दारान आपली माणसा वळखूची!" आम्ही म्हटलं, "होय म्हाराजा!"

मग एकेकानं ओळखपत्र टेकवलं. हिरवा, हिरवा, हिरवा. काकांनी टेकवलं, लाल. पुन्हा लाल.

"माका वळखणा नाय गो बाय," म्हणून हसले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

नावांची यादी संगणकात मीच भरली होती. काकांचं नाव सुचलंच कसं नाही? आणि "होय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं.